एक कमी

इलठणपाड्यात लाइट गेली
की सुगत आम्हाला मोजायचा,
डोक्यावर टपली मारत, अंधारात,
नुसत्या केसांवरून माणूस ओळखत:
हा विज्या, हा चिकू, हा रेड्डीचा,
हा मी.
पहिली टपली मात्र तथागतला,
जो आमच्या टोळीत नव्हताच,
पायरीवर मोबाईलच्या उजेडात
भूमिती घेऊन बसलेला असायचा.

मोजून आठ भरायचे. आम्ही नऊ.
पुन्हा मोजायचा, पुन्हा आठ.
मग तथागत पुस्तकातून मान वर न काढता म्हणायचा,
"स्वतःला धर की, येड्या."

अकरा मिनिटांचं अंतर दोघांत.
आई सांगायची, सुगतला दोन भोवरे, तथाला एक,
आणि दोन भोवरेवाल्याच्या नशिबी दोन बायका
नाहीतर दोनदा जेल.
सुगत हसायचा. त्याला बायकाही नको होत्या, जेलही नको,
त्याला पाण्याच्या टाकीमागची जागा हवी होती
आणि तिथे आम्ही सगळे.
चिकूची सायकल खदानीवरच्या पोरांनी नेली
तेव्हा हा एकटा वर चढला,
सायकल खांद्यावर घेऊन उतरला,
चाकात हवा नव्हती म्हणून.

त्याचं पुढे काय व्हायचं ते झालं.
मंगळवारी, सकाळी,
दिघ्याच्या वळणावर क्लासची बॅग पाठीला असलेला
एक जण त्यांना सापडला.
"सुगत तूच ना?"
तो म्हणाला, हो.

कळव्याच्या दवाखान्यात सात टाके.
डोक्याची डावी बाजू भादरलेली.
सुगत खाटेशी उभा, ओठ पांढरे,
"नाही का नाही म्हणालास?"
"मग ते तुला शोधत बसले असते.
माझा साडेसातचा क्लास होता. म्हटलं, उरकून टाका."

त्या रात्री आम्ही टाकीमागे जमलो.
साखळ्या होत्या, एक सळई होती,
रेड्डीच्याने घरून मिरचीपूड आणली होती.
सुगत उशिरा आला.
डोकं पूर्ण गुळगुळीत,
डाव्या बाजूला पट्टी, खाली जखम काही नाही.
एवढंच म्हणाला,
"आता ओळखून दाखवा म्हणावं."

सळई कुणी उचलली नाही.
सकाळी इरफानच्या दुकानात आमची रांग लागली,
तीस रुपये डोकं,
माझं उधार, अजून उधारच आहे.

विहाराच्या ओट्यावर बसलेल्या शेवंताआजीनं
आम्हाला ओळीनं येताना पाहिलं,
वाटलं, श्रामणेर शिबिरातून आली पोरं.
उठून हात जोडले तिनं.
आम्हीही जोडले. काय करणार?
सुगतची आई मात्र दारातून ओरडली,
"अरे, बाप जिवंत आहे अजून तुझा!"
आणि बाप आतून, जिवंत, खोकला.

केस गेल्यावर एक गोष्ट उघडी पडली.
इतकी वर्षं झाकलेली:
याला दोन भोवरे, त्याला एक.
एवढा खटाटोप सारखं दिसण्याचा,
आणि पाठमोरे बसले की
आता लांबून ओळखू यायचे.
मी हे कुणाला सांगितलं नाही.
खदानीची पोरं पुढून बघायची,
त्यांचा गोंधळ टिकला पावसाळ्यापर्यंत.

परवा तथागतच्या लग्नाला हिंगोलीची बस निघाली.
सुगत टँकर मालकाकडे सोडून आलेला,
दंडाला निळी रिबीन,
बसमध्ये चढला आणि मोजू लागला.
एक्केचाळीस.
यादीत बेचाळीस.
पुन्हा पहिल्या सीटपासून.
ड्रायव्हरनं हॉर्न दिला. बायका कुरकुरल्या.
माझ्या ओठांवर आलंच होतं ते वाक्य,
पण पुढच्या सीटवरून पांढऱ्या शर्टातल्या नवऱ्या मुलानं
माझ्याकडे वळून बोट ओठांवर ठेवलं.
भुवईच्या वर, केसांत,
सात टाक्यांची पांढरी वाट.

बस उभी. ऐरोलीपर्यंत ट्रॅफिक वाढत असणार.
सुगत येतोय सीटमागून सीट,
विज्याचं टक्कल, चिकूचा मुलगा, रेड्डीचा
आणि माझ्या डोक्यावर
टपली.